कोआला पॅड आणि कमोडोर ६४: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या संगणकावर चित्रं काढायची, नकाशे गिरवायचे किंवा कागदावरच्या आकृतीचे बिंदू मोजायचे म्हणून लोक कपाटातून कोआला पॅड बाहेर काढतात आणि मग तेच ते प्रश्न पाठवतात. त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. मुख्य भर कमोडोर ६४ या १९८० च्या दशकातल्या घरगुती संगणकावर आहे, बाकीच्या यंत्रांपुरता प्रश्न २० आहे. बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेच्या आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच त्या कळफलकावर आहेत तशा टाइप करायच्या.

१. कोआला पॅड म्हणजे नक्की काय? माऊस की जॉयस्टिक?

दोन्ही नाही. कोआला टेक्नॉलॉजीज या अमेरिकन कंपनीनं १९८३ मध्ये आणलेला हा स्पर्शाचा टॅब्लेट आहे. शाळांना परवडेल असं चित्र काढायचं साधन म्हणून डेव्हिड थॉर्नबर्ग यांनी तो बेतला, आणि घरोघरीही तो चालला. चार इंच बाय चार इंचांची संवेदनशील पाटी आणि तिच्या वरच्या बाजूला दोन मोठी बटणं, एवढंच त्याचं रूप. पाटीवर स्टायलस (शाई नसलेली लेखणी) टेकवला की संगणकाला दोन आकडे मिळतात: एक आडवा, एक उभा.

माऊस आणि या पॅडमधला फरक असा: माऊस ‘किती सरकलो’ ते सांगतो, पॅड ‘कुठे आहे’ ते सांगतं. म्हणून कागदावरची आकृती गिरवायला माऊस निरुपयोगी आणि पॅड कामाचं.

२. आत काय मोजलं जातं?

हे उत्तर वगळू नका, कारण पुढच्या निम्म्या तक्रारींचं मूळ इथे आहे.

कमोडोर ६४ ला पॅड म्हणजे पॅडलची जोडी वाटते. पॅडल म्हणजे फिरवायची खुंटी, आणि तिच्यात बदलता रेझिस्टन्स. संगणक तो रेझिस्टन्स थेट मोजत नाही, वेळ मोजतो. हा रेझिस्टन्स आणणाऱ्या प्रत्येक तारेवर, म्हणजे पॉट तारेवर, १००० पिकोफॅरडचा एक छोटा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) आहे. सिड ही आवाजाची चिप आधी २५६ क्लॉक-ठोके तो कपॅसिटर रिकामा करते आणि पुढचे २५६ ठोके तो भरायला किती वेळ लागतो ते मोजते. लवकर भरला तर आकडा लहान, उशिरा भरला तर मोठा, भरलाच नाही तर २५५. ५१२ ठोक्यांचं हे चक्र साधारण अर्ध्या मिलिसेकंदात पूर्ण होतं आणि न थांबता चालू राहतं.

थोडक्यात, तुम्हाला जागेचा म्हणून मिळणारा आकडा खरं तर वेळेचा असतो. वेळेत ढवळाढवळ करणारी कुठलीही गोष्ट (लांब केबल, वेगळा क्लॉक, मध्येच घुसलेलं कळफलकाचं काम) जागेत चूक म्हणून दिसते.

३. कुठल्या पोर्टला लावायचं? संगणक चालू असताना लावलं तर चालेल का?

पोर्ट १. बहुतेक सॉफ्टवेअर तिथेच पॅड शोधतं. पोर्ट २ ची कटकट प्रश्न ११ मध्ये आहे.

चालू संगणकाला लावू नका. पॉटच्या तारा मध्ये एका स्विच-चिपमधून जातात आणि लगेच सिडपाशी पोचतात, संरक्षण जवळजवळ नाहीच. अंगातली स्थिर वीज किंवा वाकडा घातलेला प्लग यातलं काहीही ती चिप मारायला पुरतं, आणि चांगली सिड आता सहज मिळत नाही. संगणक बंद करा, एखाद्या मातीजोड असलेल्या धातूला हात लावा, मग प्लग घाला.

४. सोबतची सॉफ्टवेअरची कार्ट्रिज हरवली आहे. पॅड चालतं की नाही ते कसं तपासू?

कार्ट्रिजची गरज नाही. आडवा आकडा मेमरीतल्या ५४२९७ या पत्त्यावर असतो, उभा ५४२९८ वर. पत्त्यावरचा आकडा वाचायची आज्ञा पीक, तिथे आकडा ठेवायची पोक. ओळ १० मध्ये प्रिंट करून पीक ५४२९७ आणि पीक ५४२९८, मध्ये स्वल्पविराम. ओळ २० मध्ये गोटू १०. रन करा आणि स्टायलस पाटीवर सावकाश फिरवा.

आडवं सरकताना फक्त पहिला आकडा बदलावा, उभं सरकताना फक्त दुसरा. दोन्ही गुळगुळीत चढत-उतरत असतील तर पॅड जिवंत आहे. पॅड काढून चालवल्यावर (हो, बंद करून काढून) दोन्ही आकडे २५५ दिसले पाहिजेत, कारण तार मोकळी असली की कपॅसिटर भरतच नाही. तसं झालं तर संगणकाची बाजू बहुधा ठीक आहे, दोष पॅडमध्ये किंवा केबलमध्ये शोधा.

५. स्टायलस उचलला तरी आकडे येतच राहतात. मग स्पर्श झाला हे ओळखायचं कसं?

‘स्पर्श नाही’ असं सांगणारी वेगळी तार पोर्टमध्ये नाही. पाटी मोकळी असताना आकडे कुठेतरी टोकाला जाऊन बसतात. प्रश्न ४ चा प्रोग्रॅम चालवा, हात न लावता कुठले आकडे दिसतात ते टिपा, आणि प्रोग्रॅममध्ये त्या टोकाच्या जवळचं सगळं ‘स्पर्श नाही’ समजा. तिथे थोडा पट्टा सोडा, नेमक्या एका आकड्यावर विसंबू नका. हा पट्टा वापरण्याजोग्या क्षेत्रातून वजा होतो, पण कडेचे ते दोन-चार मिलिमीटर तसेही भरवशाचे नसतात.

६. बटणं कशी वाचायची? आणि उजवं बटण दाबलं की स्क्रीनवर २ का उमटतो?

पोर्ट १ ची बटणं ५६३२१ या पत्त्यावर वाचतात. त्या आकड्याचा ४ शी अँड (म्हणजे त्यातला तेवढाच बिट तपासणं) केला तर एक बटण, ८ शी केला तर दुसरं. उत्तर शून्य आलं म्हणजे बटण दाबलेलं आहे. इथे उलटं असतं, दाबल्यावर शून्य.

आता तो २. या दोन तारा म्हणजे जॉयस्टिकच्या डावी-उजवीच्या तारा, आणि पोर्ट १ कळफलकाबरोबर त्याच तारा वापरतो. कळफलक तपासणाऱ्या कामाला बटण म्हणजे एक कळच वाटते: उजवीच्या तारेनं २ ही कळ आणि डावीच्या तारेनं कंट्रोल. म्हणून डावीच्या तारेवरचं बटण दाबून लिस्ट (प्रोग्रॅमची यादी दाखवायची आज्ञा) केलं तर यादी रेंगाळते. हा बिघाड नव्हे, यंत्राचा स्वभाव आहे. तुमच्या प्रोग्रॅममध्ये इनपुटची ओळ असेल तर तिच्याआधी पत्ता १९८ मध्ये ० पोक करा, म्हणजे साठलेले दोनाचे आकडे पुसले जातील.

७. कोपऱ्यात ० आणि २५५ येत नाहीत. पॅड खराब झालंय का?

नाही. वरच्या डाव्या कोपऱ्यात ९ आणि खालच्या उजव्यात २४० असे आकडे येत असतील तरी पॅड ठणठणीत असू शकतं. पुस्तकातले ० ते २५५ हे चिपचे आकडे झाले, तुमच्या पाटीचे नव्हेत.

प्रोग्रॅमच्या सुरुवातीला वापरणाऱ्याला समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना टेकायला सांगा आणि ते चार आकडे जपून ठेवा. नंतर येणाऱ्या प्रत्येक आकड्यातून लहान टोक वजा करा, दोन टोकांमधल्या अंतरानं भागा, ३१९ नं गुणा, की स्क्रीनवरचा आडवा बिंदू मिळतो. उभ्यासाठी ३१९ च्या जागी १९९. उत्तर शून्याखाली किंवा मर्यादेवर गेलं तर काठाशी थांबवा, नाहीतर पोक भलतीकडे जाऊन प्रोग्रॅमच खाईल.

संगणक सुरू केल्यावर लगेच नको, दहा-पंधरा मिनिटांनी हे करा. यंत्र तापतं तसे आकडे थोडे सरकतात.

८. पाटीवर गोल काढला तर स्क्रीनवर अंडं का दिसतं?

पाटी चौरस आहे आणि स्क्रीन चारास तीन. चौरस ताणून आयतात भरला की गोल आडवा फुगणारच. चित्र हातानं काढताना कोणाच्या लक्षातही येत नाही, पण गिरवताना डोळ्यांत खुपतं.

उपाय म्हणजे पाटीची पूर्ण रुंदी आणि फक्त तीन इंच उंची वापरायची. खालचा एक इंच सोडून द्या, तिथे रंगांची निवड ठेवता येते. किंमत ही की उभ्या दिशेला आता सुमारे १९२ पायऱ्याच उरतात आणि ओळी २०० आहेत, म्हणजे काही ओळींवर तुमचा बिंदू कधीच पडणार नाही. मी हे सहन करतो. वाकडं अचूक चित्र आणि सरळ किंचित भरड चित्र यांत मला दुसरं पसंत आहे.

९. स्टायलस स्थिर धरला तरी ठिपका थरथरतो. काय करू?

एका पायरीची थरथर चालायचीच. २५६ पायऱ्या चार इंचांत बसवल्या तर एक पायरी साधारण ०.४ मिलिमीटर होते, आणि दोन पायऱ्यांच्या सीमेवर असलेला बिंदू इकडून तिकडे उडी मारणारच. तीन-चार किंवा जास्त पायऱ्यांची थरथर असेल तर या क्रमानं पाहा.

प्लग. नऊ पिनांच्या सॉकेटवर वर्षानुवर्षांची काजळी असते. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, दोन-चारदा आत-बाहेर करा. बहुतांश तक्रारी इथेच मिटतात.

शेजार. पॅडखाली किंवा बाजूला कुठला वीज-अडॅप्टर आहे का? मी एकदा दोन संध्याकाळी पॅड उघडून बसलो होतो, आणि दोषी निघाला टेबलावरचा फोनचा चार्जर. तो काढला आणि आकडे शांत.

संगणकाचा वीजपुरवठा. जुने कपॅसिटर सुकले की पाच व्होल्टवर तरंग येतात आणि ते मोजणीत दिसतात.

पाटी. एकाच जागी थरथर असेल तर तिथला थर झिजलाय. त्याला इलाज नाही, तो भाग टाळा.

उरलेली थरथर प्रोग्रॅमनं शमवा. सरासरी काढण्याचा मोह होतो, पण एखादा आकडा भलताच आला तर सरासरी त्याला अर्धवट मान देते. मी तीन वाचनं घेतो आणि मधलं उचलतो. भलता आकडा कडेला पडतो आणि बाद होतो.

१०. नुसतं फिरवताना सगळं ठीक असतं, पण बटण दाबून रेघ ओढली की मधूनच बिंदू उडतो. बटण खराब आहे का?

हा मला सगळ्यात आवडणारा प्रश्न आहे, कारण प्रत्येकजण बटण उघडून बघतो आणि बटण निर्दोष असतं.

संगणक सेकंदाला सुमारे साठ वेळा काम थांबवून कळफलक तपासतो. ते तपासणं ५६३२० या पत्त्यातून चालतं, आणि कुठल्या पोर्टचे पॉट सिडला जोडायचे हेही त्याच पत्त्याचे वरचे दोन बिट ठरवतात. एकही कळ दाबलेली नसेल तर तपासणी एका झटक्यात आटपते. पण कुठलीही कळ दाबलेली दिसली, तर संगणक कळफलकाच्या आठही रांगा एकेक करून चाळतो, आणि त्या वेळात पॉटची जोडणी इकडून तिकडे होत राहते. तुमचं बटण त्याला कळच वाटते (प्रश्न ६). म्हणून रेघ ओढायला बटण दाबलं की नेमकी तेव्हाच मोजणी बिघडायला लागते. तपासणी संपल्यावर पत्त्यात १२७ ठेवला जातो, म्हणजे पोर्ट १ पुन्हा जोडला जातो आणि आकडे मूळ पदावर येतात. तुम्हाला दिसतो तो मधला एखादा उडालेला बिंदू.

सोपा उपाय प्रश्न ९ मधला तीनपैकी मधला आकडा. पक्का उपाय म्हणजे वाचनापुरती तपासणीच बंद करणं: ५६३३३ मध्ये १२७ पोक करा, ५६३२० मध्ये ६४ पोक करा, दोन्ही आकडे आणि बटणं वाचा, शेवटी ५६३३३ मध्ये १२९ पोक करून तपासणी पुन्हा सुरू करा. बंद असताना कळफलक पूर्ण मेलेला असतो आणि संगणकाचं घड्याळही थांबतं, तेव्हा १२९ ची ओळ विसरू नका आणि रन करण्याआधी प्रोग्रॅम सेव्ह करा. मशीन कोडमध्ये लिहीत असाल तर ६४ ठेवल्यावर लगेच वाचू नका, किमान एक पूर्ण ५१२ ठोक्यांचं चक्र जाऊ द्या. बेसिक इतकं संथ आहे की तिथे वाट आपोआप पाहिली जाते.

११. पोर्ट १ मोडलाय. पोर्ट २ वर चालेल का?

स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये चालेल. प्रश्न १० मधलाच क्रम, फक्त ६४ च्या जागी १२८. इथे तपासणी बंद करणं ऐच्छिक नाही, कारण ती संपताना दर वेळी पोर्ट १ जोडून जाते. बटणं ५६३२० वर वाचायची, पण त्याआधी ५६३२२ मध्ये २२४ पोक करून त्या तारा वाचनासाठी मोकळ्या कराव्या लागतात आणि नंतर २५५ पोक करून परत द्याव्या लागतात. तयार सॉफ्टवेअरमध्ये मात्र पोर्ट बदलायची सोय क्वचितच असते.

१२. बोट चालेल का? वर कागद ठेवला तर? मनगट टेकवलं तर?

बोट चालतं, पण बोटाचा ठसा मोठा असल्यानं बिंदू त्याच्या मध्यावर कुठेतरी येतो. निवड करायला ठीक, गिरवायला नाही.

कागद चालतो. पाटीला दाब लागतो, उघड्या पृष्ठभागाची गरज नाही. पातळ कागद कडेनं चिकटपट्टीनं घट्ट बसवा, कारण गिरवताना तो मिलिमीटरभर जरी सरकला तरी आधीचे बिंदू वाया. बॉलपेन वापरू नका. कागद फाटला तर टोक थेट पाटीवर चरा पाडतं आणि तो चरा कायमचा.

मनगट नको. पाटीला एकच बिंदू कळतो, दोन जागी दाब पडला तर ती दोघांच्या मधलाच कुठला तरी आकडा सांगते. ‘ठिपका माझ्या हाताकडे ओढला जातो’ ही तक्रार हमखास याचीच. पॅडच्या पुढे त्याच उंचीचं एखादं पुस्तक ठेवून त्यावर मनगट टेका.

१३. प्रत्येक रेघेच्या सुरुवातीला आणि शेवटी एक छोटी शेपटी येते ती कशी घालवू?

टेकवताना दाब शून्यातून वाढतो आणि उचलताना शून्याकडे जातो. या दोन क्षणी आकडा ‘स्पर्श नाही’ च्या टोकापासून खऱ्या जागेपर्यंत धावत असतो आणि मधले आकडे बिंदू म्हणून नोंदले जातात. स्पर्श कळल्यावर पहिली दोन वाचनं टाकून द्या. उचलण्यासाठी युक्ती उलटी: प्रत्येक बिंदू लगेच काढू नका, दोन बिंदू हातात राखून तिसरा आला की पहिला काढा. स्पर्श तुटला की हातातले दोन फेकून द्या. रेघ किंचित मागे राहते, पण शेपटी जाते.

१४. कागदावरच्या आकृतीचं क्षेत्रफळ किंवा नकाशावरची लांबी मोजता येईल का?

येईल, आणि क्षेत्रफळ लांबीपेक्षा चांगलं येतं.

क्षेत्रफळासाठी कडेनं फिरत बिंदू घ्या. प्रत्येक बिंदूचा आडवा आकडा पुढच्याच्या उभ्यानं गुणा, त्यातून पुढच्याचा आडवा गुणिले याचा उभा वजा करा, सगळ्यांची बेरीज करा (शेवटचा बिंदू पहिल्याला जोडायला विसरू नका), निम्मी करा, उणे चिन्ह आलं तर काढून टाका. उत्तर पायऱ्यांच्या वर्गात येतं. त्याचं चौरस सेंटिमीटरमध्ये रूपांतर करायला कागदी हिशोब नको. आलेख-कागदावरचा पाच बाय पाच सेंटिमीटरचा चौरस गिरवा आणि त्याच्या उत्तराला २५ नं भागा, तो तुमच्या पाटीचा भाजक. या चौरसाची बाजू सुमारे १२६ पायऱ्यांची होते, म्हणून एक पायरी चुकली तरी पाऊण टक्क्याच्या आसपासच फरक पडतो.

लांबीची गोष्ट वेगळी. थरथर रेघेला कधीच आखूड करत नाही, प्रत्येक डुगडुग लांबीत भरच घालते. बिंदू जितके दाट घ्याल तितकी नदी लांब होत जाईल, आणि हे सुधारणा केल्यासारखं वाटत असताना घडतं. क्षेत्रफळात मात्र एक बिंदू बाहेर गेला तर दुसरा आत येतो आणि चुका एकमेकींना खातात. म्हणून लांबी मोजताना आधीच्या बिंदूपासून पाच-सहा पायऱ्या सरकल्याशिवाय नवा बिंदू घेऊ नका, आणि तीच रेघ दोन-तीनदा मोजा.

१५. लाइट पेन आणि हे एकच ना?

नाही. लाइट पेन स्क्रीनला लावतात. जुन्या काचेच्या नळीचा किरण त्याच्यासमोरून गेला की ते इशारा देतं आणि व्हिक ही चित्राची चिप त्या क्षणाची जागा ५३२६७ आणि ५३२६८ वर टिपते. सपाट एलसीडी पडद्यावर तसा किरणच नसतो, म्हणून लाइट पेन तिथे मुकं. पॅडचा पडद्याशी संबंध नाही, ते कुठल्याही पडद्यासोबत चालतं.

१६. माऊससाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये पॅड का चालत नाही?

कमोडोरचा १३५१ माऊसही त्याच पॉट तारा वापरतो, पण आकडे गोल फिरून पुन्हा सुरू होतात आणि प्रोग्रॅम दोन वाचनांमधला फरक पाहतो. पॅडचे आकडे त्याला अनाकलनीय. जिओस या चित्रमय कार्यप्रणालीत कोआला पॅडसाठी वेगळा इनपुट ड्रायव्हर आहे, तो निवडा. बाकी ठिकाणी मार्ग नाही.

१७. कोआला पेंटर या पॅडसोबतच्या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरनं सेव्ह केलेलं चित्र स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये कसं आणू? नाव टाइप केलं तर फाइल सापडत नाही.

नावाचं पहिलं अक्षर हे अक्षरच नाही, रंग बदलणारं नियंत्रण-चिन्ह आहे, आणि ते सरळ टाइप होत नाही. त्या जागी प्रश्नचिन्ह लिहा, पुढे पिक, जागा, ए, जागा, चित्राच्या नावाची पहिली अक्षरं आणि तारांकन.

फाइल १०,००३ बाइटची असते. पहिले २ बाइट पत्ता (२४५७६), मग ८००० बाइट चित्राचे, १००० आणि १००० रंगांचे, आणि शेवटचा एक बाइट पार्श्वभूमीचा. चित्र १६० बाय २०० ठिपक्यांचं. चार बाय आठ ठिपक्यांच्या प्रत्येक खणात पार्श्वभूमी धरून चारच रंग मावतात. पाचवा रंग लावला की शेजारचा बदलतो. त्यात पॅडचा दोष काही नाही.

१८. केबल आखूड आहे. जोडून लांबवली तर?

चालते, पण पुन्हा जुळवणी करा (प्रश्न ७). केबललाही स्वतःची कपॅसिटी असते, साधारण मीटरला ५० ते १०० पिकोफॅरड, आणि ती पोर्टवरच्या १००० मध्ये मिळते. म्हणजे मीटरभर तारेनं आकडे पाच ते दहा टक्के फुगू शकतात आणि उजवीकडचा काठ २५५ पलीकडे जाऊन हरवू शकतो. नऊच्या नऊ पिना जोडलेली केबल घ्या. काही जॉयस्टिक-केबलींत पाचवी आणि नववी तारच नसते, आणि पॅडचे दोन्ही आकडे नेमके त्यांच्यावरून येतात.

१९. तेच पॅड दुसऱ्या कमोडोर ६४ वर लावलं तर आकडे वेगळे. असं कसं?

तीन कारणं संभवतात. एक, कपॅसिटरचे मूळ मूल्य थोडं वरखाली असतं. दोन, पाल या टीव्ही-पद्धतीच्या यंत्राचा क्लॉक ९,८५,२४८ हर्ट्झ आणि एनटीएससी या दुसऱ्या टीव्ही-पद्धतीच्या यंत्राचा १०,२२,७२७. सिड ठोके मोजते, त्यामुळे तेवढ्याच वेळात एनटीएससी यंत्र जवळजवळ चार टक्के जास्त मोजतं. तीन, सिडच्या जागी बदली चिप बसवलेली असेल. काही बदली चिप नुसता आवाज काढतात, पॉट वाचतच नाहीत, तेव्हा आकडा हलणारच नाही. यंत्र उघडून पाहा.

२०. अटारी, ॲपल किंवा बीबीसी मायक्रोवर काय फरक पडतो?

अटारीच्या आठ बिटी यंत्रांवर आकडे ० ते २२८ मध्ये येतात, पॅडल ० आणि पॅडल १ या आज्ञांनी. बटणं पीट्रिगनं. ही वाचनं यंत्र स्वतःच प्रत्येक चित्रचौकटीला करून ठेवतं, त्यामुळे प्रश्न १० मधलं नाटक तिथे नाही. अटारीचे पॅडल एक मेगओहमचे, कमोडोरचा हिशोब ४७० किलोओहमचा. म्हणून अटारीचा पॅडल कमोडोरला लावला तर साधारण अर्ध्यातच २५५ गाठतो. पॅड कुठल्या यंत्रासाठीचं आहे ते विकत घेण्याआधी विचारा, प्लग सारखा दिसतो म्हणून फसू नका.

ॲपल टू वर पीडीएल ० आणि पीडीएल १. दोन वाचनं लागोपाठ घेऊ नका, मध्ये छोटा रिकामा लूप ठेवा, कारण सगळे टायमर एकदमच सुरू होतात आणि पहिल्याचा उरलेला वेळ दुसऱ्याच्या आकड्यात मिसळतो.

बीबीसी मायक्रोची तऱ्हा निराळी. तिथे खरा ॲनलॉग-डिजिटल कन्व्हर्टर आहे, ॲडव्हॅल आज्ञा ० ते ६५५२० मध्ये सोळा-सोळाच्या पायऱ्यांनी आकडे देते. कागदोपत्री बारा बिट, हातात दहा पडले तरी समाधान माना. एका वाहिनीला सुमारे १० मिलिसेकंद लागतात, म्हणून नको त्या वाहिन्या एफएक्स १६ नं बंद करा. संदर्भ-व्होल्टेज डायोडांवरून घेतलेलं असल्यानं उष्णतेनं सरकतं, तेव्हा इथे गरम झाल्यावर जुळवणी करणं जास्तच गरजेचं.

२१. पॅडऐवजी दोन सांध्यांचा हात, म्हणजे ट्रेसर, घरी बनवला तर? दोन पोटेन्शिओमीटर तर लागतात.

गणित सोपं आहे. खांद्याचा कोन अ, कोपराचा ब. पहिल्या हाताची लांबी गुणिले अ चा कोसाइन, अधिक दुसऱ्याची लांबी गुणिले (अ अधिक ब) चा कोसाइन, म्हणजे आडवा आकडा. कोसाइनच्या जागी साइन घेतला की उभा.

अडचण पायऱ्यांची आहे. २७० अंश फिरणारा पोटेन्शिओमीटर २५५ पायऱ्यांत मोजला तर एक पायरी एका अंशाहून थोडी जास्त. हात सरळ ताणून ३० सेंटिमीटर झाला की त्या एका पायरीनं टोक साडेपाच मिलिमीटर सरकतं. कमोडोरच्या पॅडल पोर्टवर असा ट्रेसर म्हणजे खेळणंच. बीबीसीवर दहा बिट खरे धरले तर तेच सव्वा-दीड मिलिमीटरवर येतं, आणि मग नकाशे गिरवण्यात अर्थ आहे. पोटेन्शिओमीटर रेषीय जातीचाच घ्या. आवाजाच्या खुंटीतला वक्र जातीचा घेतलात तर प्रत्येक सरळ रेघ धनुष्य होईल.

२२. एक आकडा कायम २५५ वर अडकलाय, दुसरा ठीक आहे. कुठून सुरुवात करू?

आधी दुसरा कुठलाही पॅडल किंवा माऊस त्याच पोर्टवर लावून पाहा. त्यावरही तोच आकडा अडकला तर पॅड सोडा, संगणक बघा. मग पोर्ट २ वर (प्रश्न ११). एका पोर्टवर चालतो आणि दुसऱ्यावर नाही, तर मधली ४०६६ ही स्विच-चिप किंवा सॉकेटचा सांधा संशयित. ती चिप स्वस्त आणि साधी आहे. दोन्ही पोर्टवर अडकत असेल तर बहुधा सिडच गेली, आवाज अजून येत असला तरीही.

दुसरं साधन व्यवस्थित चाललं तर दोष पॅडच्या केबलमध्ये. जिथे तार पॅडमध्ये शिरते तिथे ती वर्षानुवर्षं वाकून आतून तुटते. प्रश्न ४ चा प्रोग्रॅम चालू ठेवून तो भाग हळूच हलवा. आकडा क्षणभर जरी जागेवर आला तर तुटलेली जागा तीच, तिथून दोन इंच कापून पुन्हा डाख द्या.